परक्या भाषेतलं रडगाणं

माझ्या मुलीला तिच्या आजोबांशी फोनवर मराठीत धड चार वाक्यं बोलता येत नाहीत, पण इंडोनेशियन भाषेत गळा काढून गाता येतं. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. गेलं वर्षभर मी या प्रकरणावर इतकी चिडले आहे की एकदा सगळं सलग लिहून काढावं म्हटलं, म्हणजे मी नेमकी कुणावर चिडले आहे ते निदान मला तरी कळेल.

आम्ही मस्कतला, मदिनत सुलतान काबूसमधल्या एका जुन्या व्हिलाच्या मागच्या जोडघरात राहतो. पुढच्या मोठ्या घरात घरमालकांचं कुटुंब, मागे आम्ही आणि मध्ये कपडे वाळत घालायचं सामाईक अंगण. मी कुरुममधल्या एका चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासते. नवरा सलालाहच्या बंदरावर नोकरीला, महिन्यातून एखाद्या वेळी घरी येतो. त्यामुळे रोजच्या भांडणाला आम्ही मायलेकी दोघीच. मुलगी तेव्हा नुकतीच अकरावीत गेली होती.

सुरुवात केसांपासून झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने आरशासमोर उभं राहून कपाळावरचे केस स्वतःच तिरके कापले, असे की एक डोळा पूर्ण झाकला जावा. मग काळे टी-शर्ट आले, काळी घट्ट जीन्स आली, डोळ्यांभोवती काजळ आलं. तेही नीट रेखलेलं नाही, रडून पुसल्यासारखं पसरलेलं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ही बाई नखशिखांत काळी. मी विचारलं, हे काय सोंग? तर म्हणाली, "इमो आहे, आई." जणू मी तिला रक्तगट विचारला होता.

इमो म्हणजे काय ते मला बंद दरवाजातून कळत गेलं. आधी गिटार हळू वाजते, मुलगा काहीतरी पुटपुटल्यासारखं गातो, मग ढोल बडवल्यासारखे ड्रम येतात आणि तोच मुलगा जीव खाऊन ओरडायला लागतो. मला वाटलं अमेरिकन असेल. एक दिवस लक्ष देऊन ऐकलं तर शब्द इंग्रजी नव्हते. कुठली भाषा, म्हणून विचारलं तर कळलं, इंडोनेशियन. तिने मला एक व्हिडिओही दाखवला. सरावासाठी भाड्याने देतात तसली एक कोंदट खोली, भिंतींना फोम लावलेला, आणि आत घामाने निथळणारी मुलंमुली एकमेकांना चिकटून उभी. गाणारा माइक सरळ गर्दीत धरतो आणि सगळी मुलं त्यावर तुटून पडून गाणं पुरं करतात. कुणाच्या तोंडावर हसू नाही, पण सगळे खूश दिसत होते. मला त्यातलं काहीच कळलं नाही आणि मी तसं म्हटलं. त्यानंतर तिने मला व्हिडिओ दाखवायचं बंद केलं.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात मला बोलावणं आलं. दोन पेशंटच्या मधल्या वेळात मी धावत गेले. सुपरवायझर मॅडमनी शिस्तीवर बरंच ऐकवलं. दोन्ही डोळे दिसले पाहिजेत, पिन लावा नाहीतर केस कापा, असा निकाल दिला. मी हो हो केलं. गाडीत बसल्यावर मुलीने दार जोरात ओढून घेतलं. मग म्हणाली, "तू नुसती मान हलवत होतीस, आई." मी तिला सांगायला लागले की एक डोळा असा सतत झाकून ठेवला तर दुसऱ्यावर ताण येतो. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि इंग्रजीत सांगितलं, की आई, तू आता दुकानात नाहीयेस.

नवऱ्याला फोन केला. सलालाहला तेव्हा खरीफची, म्हणजे तिकडच्या पावसाळ्याची, भुरभुर चालू होती, हवा गार होती, तिकडे सगळे कसे निवांत असतात. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, अगं वय आहे, जाईल. मी म्हटलं, जाईल कसं? दर रविवारी आजोबा चिपळूणहून फोन करतात, ही "हां आजोबा, बरी आहे आजोबा" एवढं म्हणून फोन माझ्याकडे देते. शब्द सापडत नाहीत म्हणते. आणि तिकडे इंडोनेशियन गाण्यांची पानंच्या पानं पाठ. नवरा हसला. त्याच्या त्या हसण्याचा मला मुलीच्या काजळापेक्षा जास्त संताप आला.

मग सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी मी वाळलेले कपडे काढायला अंगणात गेले, तर घरमालकांच्या मागच्या पायरीवर माझी मुलगी बसलेली होती आणि तिच्या शेजारी त्यांच्याकडे घरकाम करणारी इंडोनेशियन बाई. मध्ये बादलीला टेकवून फोन उभा केलेला. दोघी माना खाली घालून गात होत्या, आणि त्या खरखरत्या आवाजाच्या फोनमधून तेच ओरडणं येत होतं.

ही बाई पस्तिशीची असेल. डोक्याला कायम रुमाल, हाताला कायम काम. त्या घरात ती आम्ही येण्याच्या आधीपासून होती. आम्हा दोघींची सामाईक भाषा म्हणजे मोडकं अरबी आणि तिचे चार इंग्रजी शब्द, त्यामुळे बोलणं कपड्यांचे चिमटे, पाण्याचा टँकर आणि ईद-दिवाळीच्या डब्यांपलीकडे कधी गेलं नव्हतं. मला बघून ती पटकन उठली आणि रुमाल सारखा करायला लागली. मुलगी मात्र उठली नाही. म्हणाली, "आई, तेहच्या मुलाचा बँड आहे हा."

तेह म्हणजे ताई, त्यांच्या बांडुंग शहराकडे तसं म्हणतात. माझी मुलगी तिच्या सख्ख्या मावसबहिणीला नावाने हाक मारते. इथे मात्र ताई.

उलगडा असा झाला, की सुट्टीत मी कामावर गेले की ही अंगणात यायची. तिथे तेह आपल्या मुलाच्या बँडचे व्हिडिओ बघत बसलेली असायची. हिने विचारलं, तिने दाखवलं, आणि ते केस, ते काजळ, ते काळे कपडे सगळं तिथून सुरू झालं. मी बाहेरच्या जगाला शिव्या देत होते आणि प्रकरण माझ्या कपड्यांच्या दोरीखाली चाललेलं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी तेहला चहाला बोलावलं. खरं तर जाब विचारायला बोलावलं होतं. माझी मुलगी त्या मुलाशी बोलते का, काय बोलते, हे मला हवं होतं. तिने आधी फोनमध्ये शोधून एक जुना फोटो दाखवला. शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली, तिघींचे केस तिरके, सपाट, एका डोळ्यावर आलेले. मधली ती. कपड्यांच्या इस्त्रीने आम्ही एकमेकींचे केस सरळ करायचो, असं तिने हातांनी करून दाखवलं. शाळांच्या स्नेहसंमेलनांना बँड यायचे, तिथे या मुली पुढे घुसायच्या. तिचे वडील शिंपी होते. ती झोपली असताना त्यांनी एकदा कापडाच्या कात्रीने तिचे पुढचे केस कापून टाकले. तिने ते वाढेपर्यंत टोपी घातली आणि जाणं काही सोडलं नाही. हे सांगताना ती इतकी हसली की मलाही हसू आलं आणि जाब विचारायचा राहून गेला.

पुढचं तिने थोडक्यात सांगितलं. लवकर लग्न, लवकर मूल, नवरा दुसऱ्या गावी गेला तो तिकडचाच झाला. पोराला आईकडे ठेवून ती ओमानला आली तेव्हा तो बालवाडीत होता. आता तो सोळा-सतरा वर्षांचा आहे आणि तसल्याच खोल्यांमध्ये गातो. तू पण हेच ऐकायचीस हे त्याला माहीत आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, माहीत आहे, पण तुमचं ते जुनं, असं म्हणतो. तो फोन उचलत नाही. मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. कार्यक्रमाला आलेली मुलं जे व्हिडिओ टाकतात त्यातून तिला कळतं की तो बारीक झालाय की जाड, आजारी आहे की बरा.

त्या दिवशी ती गेल्यावर मुलगी माझ्या खोलीत आली. एरवी बोलावून येत नाही. अर्धं मराठी अर्धं इंग्रजी करत तिने सांगितलं, की त्या मुलाचं एक गाणं तिला फार आवडायचं आणि तिने तेहला प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला होता. तेह ओळीमागून ओळ सांगत होती: दर शुक्रवारी आजीच्या फोनवर तुझा आवाज येतो, तू येत नाहीस. आजी म्हणते भात खा, मी खातो. मी आता तुझ्याहून उंच झालोय, तुला माहीत नाही.

"आणि ती मध्येच थांबली, आई," मुलगी म्हणाली. "मला वाटलं, तिला इंग्रजी वर्ड आठवत नाहीये. मी तिला वर्ड्स सजेस्ट करत बसले."

मला त्या पोराच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. आईच्या जिवावर गिटार घेतली आणि आईलाच चारचौघांत गाऊन दाखवतोय. मग वाटलं, तो तरी दुसरं काय करणार. आणि मग, हे लिहायला बरं वाटत नाही, पण मला माझ्या मुलीचाही राग आला. त्या परक्या बाईसाठी तिचे डोळे भरून आले होते, आणि रोज तिचा डबा भरून देणारी आई समोर बसलेली असताना हिच्या कानात इयरफोन असतात. घरी असलेल्या आईवर कोण गाणं करणार?

नोव्हेंबरमध्ये इथल्या मराठी मंडळींचा दिवाळी कार्यक्रम असतो. दरवर्षी मुलगी कुठल्या तरी समूहनृत्यात मागच्या रांगेत असायची. या वेळी तिने जाहीर केलं की ती गिटारवर ते गाणं म्हणणार. मी कार्यक्रम बसवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या मनाने वाईट नाहीत, पण त्यांच्या डोक्यात कार्यक्रमाचा एक साचा ठरलेला आहे. "अहो वहिनी, दिवाळीत रडकं कशाला? एखादं कोळीगीत बसवा की," म्हणाल्या. मी स्वतः महिनाभर हेच म्हणत आले होते. तरी त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला. शेवटी तोडगा निघाला: गाणं मराठीत हवं आणि ते ओरडणं नको.

मुलगी थयथयाट करेल असं मला वाटलं होतं. ती वही-पेन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, चल.

तो शनिवार मी विसरणार नाही. आमचं सकाळपासून भांडण चाललं होतं. माझं मराठी शाळेतल्या पुस्तकातलं, तिचं मराठी तुटपुंजं. मी ओळ सुचवली की तिला ती श्रद्धांजलीच्या जाहिरातीसारखी वाटायची, आणि खरोखर तशीच असायची. एक शब्द होता, गालाऊ. तिकडची मुलं तो ऊठसूट वापरतात, म्हणजे काही केल्या जिवाला चैन नाही, कारण विचारलं तर सांगता येत नाही. मी म्हटलं, घालमेल. तिने तो शब्द दोनतीनदा उच्चारून पाहिला आणि लगेच लिहून घेतला. दिवसभरात माझी तेवढीच एक सूचना मान्य झाली.

मग ध्रुवपदातला शब्द, पुलांग. तेहने सांगितलं होतं की पुलांग म्हणजे घरी येणं आणि घरी जाणं, दोन्ही. मराठीत दोन्ही एकदम म्हणायची सोय नाही. मुलगी म्हणाली, "ये लिहू की जा?" मी म्हटलं, मुलगा घरी बसून गातोय, म्हणजे ये. ती म्हणाली, पण तो बोलावत नाहीये, तो फक्त कधी म्हणून विचारतोय. मग पेन तोंडात धरून तिने विचारलं, "आपण पुलांग कुठे करतो? चिपळूणला जातो की इकडे येतो?"

मी म्हटलं, आधी ओळ पुरी कर.

शेवटच्या भांडणाचा विषय होता झालोय की झालेय. तू मुलगी आहेस, उंच झालेय म्हण, असा मी हट्ट धरला. एरवी ती टेबलालासुद्धा "ती" म्हणते, लिंगाच्या चुका सुधारून माझा जीव गेलाय. या वेळी मात्र ती ठाम होती. "गाणं त्याचं आहे, आई. झालोय." तेवढं तिचं मराठी मला बरोबर वाटलं, आणि त्याचाही वैताग आला.

तेहने कार्यक्रमाला यावं असं मुलीला फार वाटत होतं. मी घरमालकिणीकडे गेले. तिने खजूर आणि कावा ही अरबी कॉफी पुढे केली, मुलीचं कौतुक केलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी तेहला दोन तास सोडाल का, यावर "इन्शाल्ला" म्हणाली. त्या स्वरावरूनच मला अंदाज आला होता. शुक्रवारी तिच्या बहिणी मुलाबाळांसकट जेवायला आल्या. आम्ही गाडीत बसत होतो तेव्हा तेह स्वयंपाकघराच्या दारातून हात हलवत होती, हाताला पीठ लागलेलं. राग काढायचा तर कुणावर? घर त्यांचं, पाहुणे त्यांचे.

हॉलमध्ये छोट्या मुलांच्या नाचानंतर आणि जेवणाच्या आधी तिचा नंबर लागला. निवेदकाने "आता ऐकू या एक इंडोनेशियन लोकगीत" असं सांगितलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? गिटारचा आवाज माइकमध्ये येईना, मग आला तो शिट्टीसारखा. तेवढ्यात मागे जेवणाची टेबलं उघडली आणि लोक ताटं घ्यायला उठले. तिने पहिलं कडवं मराठीत म्हटलं. हळू, अडखळत, पण म्हटलं. "मी आता तुझ्याहून उंच झालोय" या ओळीला पुढच्या खुर्चीवरच्या एका आजींनी मान वर करून बघितलं. आणि मग ध्रुवपदाला काय झालं कोण जाणे, तिचा आवाज फाटला आणि ती इंडोनेशियनमध्ये ओरडायला लागली. अगदी त्या खोलीतल्या मुलांसारखी. कार्यक्रम बसवणाऱ्या बाईंनी बाजूने हाताने खूण केली आणि साउंडवाल्याने माइक बारीक केला. ती थांबली नाही. माइकशिवाय गात राहिली. दोन रांगांपलीकडे कुणाला ऐकू गेलं नसेल. टाळ्या पडल्या, ताटं हातात असताना पडतात तेवढ्या. एका काकांनी मला विचारलं, कानडी होतं का.

गाडीत ती रडली. मला खूप काही म्हणायचं होतं. मी म्हटलं, सीटबेल्ट लाव.

मी फोनवर चित्रीकरण केलं होतं. ते तेहने पाहिलं आणि मुलाला पाठवलं. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा त्याचं उत्तर आलं. लांबलचक होतं. गिटार कशी ट्यून करायची, ठेका किती संथ पडतोय, तिसरी ओळ कुठे श्वास घेऊन म्हणायची, सगळं माझ्या मुलीसाठी. आईला एक शब्द नाही. मी अंगणात उभी राहून चडफडत होते आणि तेह मात्र तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होती. त्याने माझ्या फोनवर लिहिलंय ना, तेह म्हणाली.

फेब्रुवारीत तिला अखेर सुट्टी मिळाली. ती बांडुंगला गेली. रमजानच्या आधी तिचा आवाजी निरोप आला, अर्धा मुलीसाठी आणि अर्धा अरबीत माझ्यासाठी. मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत मुलाचा कार्यक्रम होता, ती न सांगता गेली. पोरापोरींच्या गर्दीत ही एकटी रुमालवाली, भिंतीला पाठ लावून उभी. त्याने तिला पाहिलं. गाणं झालंच, पण आवाज इतका मोठा की तिला एक शब्दही कळला नाही. एवढा समुद्र ओलांडून ती गेली आणि ते गाणं तिला ऐकूच आलं नाही! कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला, जेवलीस का म्हणून विचारलं, आणि गाडीवर मागे बसवून घरी घेऊन गेला.

सुट्टी संपली तशी ती परत आली. त्याच अंगणात, त्याच कामाला. माझ्या मुलीची परीक्षा नुकतीच संपली होती, केस पिनेत होते, आमचं बोलणं भांडणापुरतंच चालू होतं. मी तेहला विचारलं, आता तरी फोन उचलतो का? ती म्हणाली, नाही. मला राहवलं नाही. मग इतकं जाऊन मिळालं काय, असं मी जरा जोरातच म्हटलं. तिने दोरीवरची चादर ओढून सरळ केली.

"त्याने मला घरी नेलं," ती म्हणाली.

मला ते उत्तर पुरलं नाही. मी आणखी काहीतरी विचारणार होते, पण तोवर तिने रिकामी बादली उचलली होती आणि ती आत निघून गेली.